दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणात लॉकडाऊनचं भांडण

पत्र आलंय इंदूरच्या सुदामा नगरमधून. जरा कापून देतेय, बाकी शब्द तिचेच.

"मावशी, नमस्कार. ह्यांचं शाळेजवळ स्टेशनरी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. बावीस वर्षं चाललं. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि पुढच्या दीड वर्षात दुकान संपलं. आता हे एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशोब लिहितात. झेरॉक्स मशीन अजून पॅसेजमध्ये चादर टाकून पडलंय, विकू देत नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये सासूबाई कोविडने गेल्या. धाकटे दीर पुण्याला आयटीत, त्यांना येता आलं नाही. मुक्तिधामला ह्यांनीच किट घालून फोन धरला होता, भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर बघितलं. तेव्हापासून दरवर्षी महालक्ष्म्यांना सगळे जमतो आणि जेवणं व्हायच्या आत लॉकडाऊनवरून पेटतं. हे म्हणतात सगळा तमाशा होता, आजाराने कमी आणि बंदीने जास्त मेले. भाऊजी म्हणतात बंदी नसती तर घरटी एक गेला असता, दादा तू व्हॉट्सॲपवर वाचून बोलतोस. मागच्या वर्षी भाऊजी पुरणपोळी पानात टाकून उठले आणि रात्रीच्याच बसने पुण्याला गेले. सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, भांडण सुरू झालं की कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात. मुलगा दहावीत आहे, तो विचारतो, आई, बाबा बरोबर की काका? काय सांगू? आणि ह्या वर्षी भाऊजींना बोलवू की नको? नाव छापू नका."

अगं, नाव छापत नाही. आणि बोलवायचं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल आणि बाकीचं शांतपणे वाचशील.

आधी लेकाचा प्रश्न घेऊ, कारण तो मला सगळ्यात आवडला. तुझी अडचण अशी आहे की तो एकच उत्तर मागतोय आणि घरातले दोघं बापे पण एकच उत्तर देतायत, पण लॉकडाऊन ही एक गोष्ट होती कुठे? आपण इंदूरवाल्यांनी दोन वर्षांत निदान दहा वेगवेगळ्या बंद्या बघितल्या, त्यातल्या काही शहाण्या होत्या, काही घाबरून केलेल्या होत्या आणि काही निव्वळ कोणाच्या तरी डोक्यातून निघालेल्या होत्या. सगळ्यांची एकच मोट बांधली की मग भांडायला मजा येते, बोलायला काही उरत नाही.

आठव जरा. २२ मार्चला जनता कर्फ्यू. दिवसभर सगळे शहाण्यासारखे घरात आणि संध्याकाळी पाचनंतर राजवाड्यावर थाळ्या वाजवत ही गर्दी, झेंडे काय, घोषणा काय, जणू गेर, म्हणजे आपली रंग उडवत निघणारी मिरवणूक निघालीये, आणि त्या वर्षीची रंगपंचमीची खरी गेर आठच दिवसांपूर्वी ह्याच आजारापायी रद्द झाली होती! मग तीन दिवसांत शहरातले पहिले पेशंट सापडले आणि कर्फ्यू लागला. महिन्याच्या शेवटी तर असं कडक बंद की किराणासुद्धा नाही. कचरा गाडीवाल्याच्या हातात सामानाची यादी द्यायची आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सामान दारात. मी त्या यादीत हिंग लिहिला होता आणि साबण आला. हसू नको, मी तो साबण दुधाच्या पिशव्या धुवायला वापरला.

त्या पहिल्या बंदीबद्दल मी तुझ्या भाऊजींच्या बाजूने आहे, स्पष्टच सांगते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात केंद्राने ज्या शहरांत परिस्थिती विशेष गंभीर म्हणून टीम पाठवल्या त्यात मुंबई, पुणे, जयपूर, कोलकात्याबरोबर आपलं इंदूर होतं. देशात कोविडने गेलेल्या अगदी पहिल्या डॉक्टरांपैकी एक आपल्याच शहरातले, ९ एप्रिलला गेले. टेस्ट किट नाही, पीपीई नाही, आजार नेमका पसरतो कसा ते कोणालाच नीट माहीत नाही. डब्ल्यूएचओच मार्चच्या शेवटी छातीठोकपणे सांगत होतं की हा हवेतून पसरत नाही, आणि पुढे त्यांनाच ते बदलावं लागलं. अशा वेळी महिनाभर दारं लावून तयारीला वेळ काढणं, ह्यात मला आजही मूर्खपणा दिसत नाही. एकदम सगळ्यांना झाला की काय होतं ते आपण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये बघितलंच ना, देशात दिवसाला चार लाखांवर पेशंट निघत होते आणि आपल्या शहरात माणसं रेमडेसिवीरच्या एका इंजेक्शनसाठी मेडिकलसमोर उन्हात रांगा लावून उभी होती. तुम्ही तर ते घरात सोसलंय, मी काय सांगू.

पण २४ मार्चच्या रात्री आठला भाषण आणि बाराला देश बंद, ह्या चार तासांच्या बाबतीत तुझ्या नवऱ्यापुढे मला बोलायला तोंड नाही. मे महिन्यात आपल्या बायपासवरून जी माणसं चालत गेली ती कोणी विसरेल का? महाराष्ट्रातून सेंधव्याच्या घाटाने वर येऊन आग्रा-मुंबई रोडने उत्तरेकडे, डोक्यावर बोजकं, कडेवर पोर, आणि आपले लोक पाणी, पोहे, चपला घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. त्यातच तो फोटो आला होता, बैलगाडीला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला माणूस जुंपलेला, महू-इंदूरच्याच रस्त्यावरचा. संभाजीनगरजवळ, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळ, रुळांवर झोपलेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली ती आपल्याच मध्य प्रदेशातली, घरी यायला निघालेली. व्हायरसला ह्यांची नावं माहीत नव्हती, वेळापत्रक माणसांनीच बनवलं होतं. तुझे 'हे' बंदीने मेले म्हणतात ते ह्यांच्याबद्दल म्हणत असतील तर ते व्हॉट्सॲपचं ज्ञान नाहीये, भाऊजींना सांग.

आणि मग ते बावळट नियम. लेफ्ट-राइट आठवतं? एक दिवस रस्त्याच्या डाव्या बाजूची दुकानं उघडी, दुसऱ्या दिवशी उजव्या. म्हणजे दुकानं निम्मी आणि गिऱ्हाईक तेवढंच, मग गर्दी घटणार की वाढणार, हे तुमच्या पॅसेजमधल्या झेरॉक्स मशीनलासुद्धा कळलं असतं. जुलै २०२० मध्ये त्याच नियमापायी एका पोराचा अंड्यांचा ठेला उलटवला म्हणून व्हिडिओ देशभर फिरला, फुटलेली अंडी आणि ते रडवेलं पोर. बाग बंद, मोकळं मैदान बंद, म्हणजे जिथे हवा खेळती तेच बंद! २०२१ च्या मेच्या शेवटी तर पुन्हा काही दिवस किराणा आणि भाजी पण बंद करायचा हुकूम निघाला, तेव्हा सत्तेतल्याच पक्षाचे मोठे लोक उघड बोलले होते की हे अति होतंय. आणि ज्या एप्रिलमध्ये आपण घरात कोंडलेलो, म्हणजे ज्या एप्रिलमध्ये तुझ्या सासूबाई गेल्या, त्याच महिन्यात आपल्याच राज्यात दमोहला पोटनिवडणूक झाली, १७ तारखेला मतदान, त्याआधी सभा आणि रोड शो. नियम पाळणाऱ्याच्या मनात जो कडवटपणा राहतो ना, तो नियमाचा कमी आणि ह्याचा जास्त असतो, की मी पाळला आणि त्यांनी नाही.

आता शाळा. हा विषय मी जरा लांबवणार आहे, कारण मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय आणि तुझ्या नवऱ्याचं दुकान शाळेनेच चालत होतं. मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग मार्च २०२० मध्ये बंद झाले ते २० सप्टेंबर २०२१ ला उघडले, ते पण अर्ध्या हजेरीने, आणि मग जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दोन आठवडे बंद. दीड वर्ष! हॉटेलं आणि मॉल २०२० मध्येच सुरू झाले होते, लग्नं पन्नास माणसांत, शंभर माणसांत होत होती, आणि सहा वर्षांचं पोर, ज्याला ह्या आजाराचा धोका सगळ्यात कमी, ते घरात आईच्या फोनमध्ये तोंड घालून बसलेलं. तो फोन पण बापाबरोबर कामावर जायचा, संध्याकाळी घरी आला की मग पोराची शाळा. सुरुवातीला बंद केल्या ते समजू शकते, मुलं घरी आजार नेतील आणि आजी-आजोबांना होईल ही भीती खोटी नव्हती, आपल्याकडे तीन पिढ्या एका खोलीत झोपतात. पण दुसऱ्या वर्षीही सगळ्यात आधी बंद आणि सगळ्यात शेवटी उघडणार ती शाळाच, हे काय गणित होतं ते मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. असर नावाचा सर्व्हे येतो, खेड्यातल्या मुलांना वाचायला लावून बघतात. २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचा धडा वाचू शकत होती, म्हणजे आधीच आनंद होता, ते २०२२ मध्ये २०.५ वर आलं.

तुझा लेक तेव्हा पाचवीत असेल, नाही का? त्याला विचार, त्याला पाचवी-सहावीतलं काय आठवतं. मी माझ्या नातवाला विचारलं तर म्हणाला, 'आजी, म्यूट.'

तर लेकाला सांग की बाबा आणि काका दोघं वेगवेगळ्या महिन्यांबद्दल भांडतायत आणि दोघांनाही वाटतंय समोरचा माझ्याच महिन्याबद्दल बोलतोय. मार्च २०२० मध्ये काय माहीत होतं आणि मे २०२१ मध्ये काय माहीत होतं, हे वेगळं धरलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. दहावीच्या पोराला हे कळेल. आकड्यांचंही तेच. भाऊजी म्हणत असतील सरकारी आकड्यात २०२१ संपेपर्यंत चार लाख ऐंशी हजाराच्या आसपास मृत्यू, डब्ल्यूएचओचा अंदाज सत्तेचाळीस लाख, तो आपल्या सरकारला मान्य नाही, पण कमी तर नक्कीच नव्हते. तुझे हे म्हणत असतील की आयसीएमआरने जून-जुलै २०२१ मध्ये रक्त तपासलं तेव्हा मध्य प्रदेशात ७९ टक्के लोकांत अँटिबॉडी निघाल्या, देशात सगळ्यात जास्त, म्हणजे इतकं कोंडून शेवटी आजार पोचलाच की घरोघरी. (त्यात काही लशीच्या पण असणार, हे त्यांना सांग.) दोन्ही आकडे खरे असू शकतात गं, एकाने दुसरा खोडला जात नाही.

आणि स्वीडन आणि न्यूझीलंड ह्या दोन देशांना तुमच्या पंगतीतून आधी उठवा! पत्रात तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की हे स्वीडन काढतात आणि भाऊजी न्यूझीलंड, सगळीकडे तेच आहे. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या हे खरं, पहिल्या लाटेत त्यांच्या वृद्धाश्रमांत शेजारच्या नॉर्वेपेक्षा कितीतरी जास्त म्हातारी माणसं गेली हेही खरं, आणि दोन-तीन वर्षांचा एकूण हिशोब केला तर युरोपात त्यांचं फार वाईट झालं नाही हेही खरं. पण तिथे अख्ख्या देशात माणसं एक कोटी, आणि घरात एकटं राहणारे इतके की आपल्याला ऐकूनच करमत नाही. सुदामा नगरच्या एका गल्लीत काय होईल ते स्वीडनला विचारून कसं कळणार.

आता खरी गोष्ट बोलू का? इतकं सगळं लिहिलं ते लेकासाठी. तुझ्यासाठी वेगळं आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुमच्या घरात लॉकडाऊनबद्दल भांडण नाहीचे. तुझ्या दिरांचा विचार कर. आई गेली आणि ते आले नाहीत. तेव्हा मध्य प्रदेशने महाराष्ट्राच्या बस बंद केलेल्या, महाराष्ट्रात एप्रिलच्या शेवटी ई-पास लागला, पण मृत्यूसाठी पास मिळत होता, हे त्यांनाही माहीत आहे आणि तुझ्या नवऱ्यालाही. गाडी काढून निघाले असते तर कदाचित पोचले असते, कदाचित बॉर्डरवर अडले असते, कदाचित घरी आजार घेऊन गेले असते, काय झालं असतं कोणाला माहीत. ते थांबले. आता चार वर्षांनी कोणी पानावर बसून म्हणतं की ते नियम सगळे तमाशा होते, तर त्या माणसाला काय ऐकू येत असेल? की तू तुझ्या आईला एका तमाशापायी बघितलं नाहीस. मग तो नियमाच्या बाजूने भांडणार नाही तर काय करणार, नियम चूक निघाला तर त्याच्या हातात काय उरतं?

आणि तुझे हे. बावीस वर्षांचं दुकान. शटर खाली ओढा म्हटलं, त्यांनी ओढलं. नियम पाळला. भाडं चालूच. रस्त्यावरच्या ठेलेवाल्यांना दहा हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली, चांगली होती, पण ती पथारी-ठेल्यासाठी, शटरच्या दुकानाला नाही. छोट्या धंद्यांना सरकारी हमीचं कर्ज आलं ते ज्याचं बँकेत आधीच कर्ज चालू आहे त्याला, म्हणजे ज्याने आयुष्यभर उधारी नको म्हणून कर्जच काढलं नाही तो बाहेर. हप्ते पुढे ढकलायची सवलत आली, ह्यांना हप्ताच नव्हता. आणि ज्याचा पगार एक महिना चुकला नाही, जो पुण्यात टेबलावर लॅपटॉप ठेवून घरातून काम करत होता, तो सख्खा धाकटा भाऊ समोर बसून म्हणतो की ते आवश्यकच होतं. त्यांना काय ऐकू येत असेल? की तुझं दुकान जायलाच हवं होतं.

एकाला लॉकडाऊन बरोबर ठरायला हवंय आणि एकाला चूक. दोघांचीही कारणं घरातली आहेत, डब्ल्यूएचओची नाहीत, म्हणून तर दर वर्षी नवीन आकडे आणूनही कोणी तसूभर हलत नाही.

हे मला इतकं खात्रीने का वाटतं ते पण सांगते, म्हणजे मावशी फार शहाणी आहे असं वाटायला नको. मी कट्टर बंदीवाली होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले तेव्हा दोरी धरायला मी होते. भाजीवाल्याचा मास्क नाकाखाली आला म्हणून मी त्याला ओट्यावरून ओरडले होते, आणि रात्री बातम्या बघून आम्ही दोघं म्हणायचो की अजून महिनाभर वाढवायला पाहिजे. आमच्याकडे कामाला बाई होत्या, अकरा वर्षांपासूनच्या. त्यांना यायचं नाही सांगितलं. पहिल्या महिन्याचे पैसे पूर्ण दिले, दुसऱ्या महिन्याचे अर्धे, तिसऱ्या महिन्यात फोनवर म्हटलं, आता सुरू झालं की बघू. माझी पेन्शन ह्या पूर्ण काळात एक तारखेला जमा होत होती, दोन तारखेला सुद्धा नाही, एक तारखेला. त्या बाई नंतर दुसरीकडे लागल्या. दोन वर्षांनी मारोठिया बाजारात भेटल्या, छान बोलल्या, लेकीचं लग्न झालं म्हणाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, 'ताई, तेव्हा तुमच्या घराची बेल वाजवायची भीती वाटायची.' मला वाटलं आजाराची भीती. घरी आल्यावर कळलं की नाही, माझी.

मी अजूनही म्हणते पहिली बंदी हवी होती. पण माझ्या सुरक्षिततेचं बिल त्या बाईने भरलं आणि मी पावतीसुद्धा दिली नाही, हे पण तितकंच खरं आहे. तुझ्या दिरांनी फक्त एवढंच म्हणायला हवंय, की दादा, ते आवश्यक होतं असं मला वाटतं आणि त्याचे पैसे तू भरलेस, मी नाही. एवढं वाक्य गेल्या चार वर्षांत तुमच्या घरात कोणी म्हटलंय का? आणि तुझ्या नवऱ्याने एवढंच, की तू आला नाहीस म्हणून माझा राग नाही. असेल राग, तर तोही म्हणू दे एकदा, पण स्वीडनच्या नावाने नको.

हे दोघं आपणहून म्हणतील का, तर नाही, आपल्याकडचे पुरुष पोह्यात जीरावण मसाला कमी आहे हे म्हणतील, हे नाही म्हणणार. म्हणून तुझं काम. पण महालक्ष्म्यांच्या दिवशी नाही हं. त्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी, तुझा पदर खोचलेला, डोकं तापलेलं, त्यात समेट करायला जाशील तर तूच रडशील. आणि 'आज तो विषय नको' असं पण म्हणू नको, तसं म्हटलं की वाटीत आमटी वाढायच्या आधी तोच विषय येतो, तुला अनुभव आहेच.

आधीच कर. भाऊजींना तू फोन लाव, ह्यांना मध्ये न घेता. तू वहिनी आहेस, तुला ते उडवून लावणार नाहीत. मागच्या वर्षीचं बोलू नको, पुरणपोळीचं तर अजिबात नको. सरळ विचार, भाऊजी, त्या दिवशी फोनवर तुम्हाला काय काय दिसलं? एवढंच. आणि मग गप्प बस, कितीही वेळ गेला तरी. मला वाटतं हे त्यांना आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही, अगदी जाऊबाईंनीही नसेल विचारलं. ह्यांना तुझ्या सोयीने, जेवणानंतर, टीव्ही बंद असताना विचार, की तुम्ही इतका वेळ फोन धरून उभे होतात, हात नाही दुखला? बघ तू पत्रात हे एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण मी तिथेच अडकले. त्या गर्मीत, त्या किटमध्ये, स्वतःची आई समोर, आणि हा माणूस एक हात वर धरून उभा आहे कारण धाकट्याला दिसायला पाहिजे. ज्याने हे केलं त्याच्या मनात भावाबद्दल काय आहे ते मला कोणी सांगायला नको. भाऊजींना हे आठवतंय की नाही कोण जाणे, त्यांना फोनमध्ये फोन धरणारा कुठे दिसला असेल.

ह्यातलं एकाचं दुसऱ्याला लगेच सांगायची घाई करू नको. तुझ्याकडे राहू दे काही दिवस.

दुसरं म्हणजे दुकान. ती चादर काढ. मशीन विकायचं की ठेवायचं ते त्यांचं ते ठरवतील, पण आधी जुनी वही घेऊन बसा दोघं, मार्च २०२० पासून दुकान सोडलं तोपर्यंत काय गेलं ते एका कागदावर लिहा, भाडं, डिपॉझिट, उधारी, खराब झालेला कागद, शाळेच्या वह्यांचा तो लॉट जो कोणी घेतलाच नाही. मदत मागायला नाही लिहायचं, जे नुकसान हे भाषणात बोलतात ना दर वर्षी, ते एकदा आकड्यांत येऊ दे. भाऊजी आयटीतले आहेत, त्यांना भाषणापेक्षा तक्ता कळेल. तो कागद लेकाला पण दाखव, बाबा बरोबर की काका ह्याचं उत्तर त्याला त्यात अर्धं मिळेल.

आणि सासूबाईंचं. त्या सवाष्ण गेल्या ना, म्हणजे महालक्ष्म्यांनंतर दोन आठवड्यांनी पितृपक्षात अविधवा नवमी येते, त्या दिवशी त्यांचं श्राद्ध असतं. ते ह्या चार वर्षांत भाऊजींनी एकदाही केलं नसेल, बरोबर? दहावा-तेरावा तर त्यांना मिळालाच नाही. ह्या वर्षी निमंत्रण नुसतं महालक्ष्म्यांचं देऊ नको, नवमीचं पण दे. म्हण, भाऊजी, महालक्ष्म्यांना या, नाही जमलं तर राहू द्या, पण नवमीला तुम्ही पाहिजेत, सकाळी दोघं भाऊ नर्मदेवर जाऊन या, खेडीघाटाला किंवा ओंकारेश्वरला, गाडीने जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच. गाडीत तिसरं कोणी पाठवू नको. लेकाला सुद्धा नको. रस्त्यात भांडले तर भांडू देत, घाटात गाडी चालवताना माणूस फार मोठ्याने भांडत नाही.

नाना राहिले. बायको त्यांची गेली, आणि तिच्या नावाने सगळं घर भांडतंय, आणि त्यांना कोणीच काही विचारलेलं नाहीये. पत्रात तू त्यांचं एवढंच लिहिलंस की मशीन काढून ठेवतात. एखाद्या दुपारी ओट्यावर त्यांच्याजवळ बस आणि नवमीचं आधी त्यांनाच विचार, चालेल का म्हणून. ते काय म्हणतात ते मला कळव. आणि हो, सणाच्या आदल्या दिवशी त्या मशीनच्या बॅटऱ्या आणून ठेव, आमच्या ह्यांच्या नेहमी ऐन पानं वाढताना संपतात आणि तेव्हा बाजारात कोणाला पाठवणार.